मैनाबाईनं मागितलेला बावटा

मैनाबाई बर्फाच्या लादीवरसुद्धा विश्वास ठेवायची नाही. आधी बोट लावून बघायची, खरंच गार आहे का. एस.टी.च्या पाटीवर बोईसर लिहिलेलं असायचं, तरी चढायच्या आधी ती ड्रायव्हरला विचारायची, मग कंडक्टरला विचारायची, आणि दोघांचं उत्तर एकच आलं की तिचा संशय अजून वाढायचा. मला कोपरानं ढोसून म्हणायची, "दोघं ठरवून आलेत गो, नलू."

नलू म्हणजे मी. मैनाबाई माझी मोठी चुलत जाऊ. घिवलीच्या अलीकडे समुद्राला चिकटून आमचा पाडा, आणि तिच्या घराला चिकटून माझं घर. मधे नुसती कुडाची भिंत. त्या भिंतीतून तिचं अर्धं आयुष्य मी ऐकलंय आणि उरलेलं अर्धं तिनं स्वतः येऊन सांगितलंय, म्हणून मी सांगते त्यात खोट निघायची नाही. थोडं तिखटमीठ निघेल. माझं माहेर सफाळ्याचं, आमच्याकडे कुणी नुसतं कोरडं सांगत नाही, तेवढं चालवून घ्या.

तर मैनाबाई. काळीसावळी, उंच, डोक्यावर मासळीची टोपली असली की अशी ताठ चालायची की वाटावं टोपलीच हिला धरून नेतेय. ती टोपली सगळ्या पाड्याला माहीत. काठ एका बाजूनं फाटलेला, तिथं तिनं निळ्या जाळ्याचा तुकडा शिवला होता आणि त्याचं एक लांबडं टोक तसंच लोंबत ठेवलं होतं. मी म्हणायचे, "मैनाबाय, ते शेपूट काप की." ती म्हणायची, "राहू दे. कोणी चोरली तर वळखायला." टोपलीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला खपायचा नाही. एकदा माझ्या नवऱ्यानं नुसती बाजूला सरकवली, तर त्याला आठ दिवस चहा विचारला नाही.

आता तिचा नवरा, आमचे वामनभावजी. ह्यांची गोष्ट जरा हळू आवाजात सांगायला पाहिजे, म्हणजे तसं हळू बोलायची गरज नव्हतीच. त्यांना ऐकू येत नव्हतं.

आमच्या किनाऱ्यावर होड्यांना पहिल्यांदा मशीन बसलं तेव्हा भावजी एका मोठ्या बोटीच्या मशीनवर बसायचे. ते मशीन म्हणजे धडधड, सगळं पोट हलायचं. चारपाच हंगाम त्याच्याशेजारी काढले आणि कान गेले. भावजींनी मात्र हे कधी कबूल केलं नाही. त्यांचं म्हणणं, लोकच आता तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत. मशीन सोडलं, आपली जुनी छोटी होडी घेतली आणि एकटे जायला लागले, खडकांच्या पलीकडे, किनाऱ्यावरून दिसेल इतक्या अंतरावर. लोक हसले की त्यांना वाटायचं आपल्यालाच हसतात. लोक गप्प बसले की वाटायचं आत्ताच आपल्याबद्दल बोलणं संपलं. म्हणजे बघा, एका घरात दोन संशयी माणसं, एकाला ऐकूनही पटत नव्हतं आणि दुसऱ्याला ऐकूच येत नव्हतं. मी भिंतीच्या ह्या बाजूला सुखात होते.

पण मैनाबाईच्या जिवाला एकच घोर होता, आणि तो फक्त मला ठाऊक. एका वर्षी दिवाळीच्या सुमाराला वादळ आलं. मोठ्या बोटीवाल्यांकडे ट्रान्झिस्टर, त्यांनी बातमी ऐकली आणि परत फिरले. भावजी एकटे बाहेर. ही किनाऱ्यावर उभी राहून घसा फाटेपर्यंत ओरडली, पदर हलवला, वाळूत उड्या मारल्या. भावजींनी तिला बघितलं. बघितलं आणि पाठ केली. त्यांना वाटलं ही घरचं भांडण समुद्रापर्यंत घेऊन आली. नशीब, वाऱ्यानंच होडी ढकलत आणून वाळूत आपटली. घरी आल्यावर म्हणाले, "चार लोकांत तमाशा करायची काय गरज होती?"

तेव्हापासून तिनं मनाशी घेतलं, भावजींना दिसेल अशी काहीतरी खूण किनाऱ्यावर पाहिजे. पण ती खूण बायकोची नको. बायकोची खूण म्हणजे नवरा बहिरा असल्याची जाहिरात, ती बघून तो परत पाठ करणार. खूण सरकारची पाहिजे, सगळ्या बोटींसाठी पाहिजे, म्हणजे त्यात भावजीही आपोआप आले. मोठ्या बंदरात असते तशी. वादळ आलं की तिथं खांबावर बावटा चढवतात, कुठल्या नंबरचा बावटा चढला ते रेडिओवरही सांगतात. तसा एक बावटा आपल्याकडे. एवढंच तिचं मागणं. आणि का मागते हे मात्र कुणाला सांगायचं नाही, अशी मला शपथ.

आणीबाणी नुकतीच उठली होती. निवडणुका झाल्या, आणि पुढच्या नारळी पुनवेनंतर सरकारनं आमच्या ग्रामपंचायतीला एक रेडिओ दिला. द्यायला आमदारसाहेब स्वतः आले. साहेब पालघरकडच्या भातगिरणीवाल्यांतले, पायाला वाळू लागली की पाय झटकणारे. त्यांना यंत्रांचं भारी वेड. माईक हातात आला की तो आधी दोनदा ठोकायचे, मग फुंकायचे, मग स्वतःचाच आवाज ऐकून खूष व्हायचे. म्हणाले, "बंधू-भगिनींनो, आजच्या जगात माहिती हीच खरी शक्ती आहे." आम्ही सगळ्यांनी माना वळवून तारापूरच्या अणुशक्तीच्या चिमणीकडे बघितलं. आमच्याकडे शक्ती म्हटलं की तीच.

साहेबांनी रेडिओच्या गळ्यात हार घातला. सरपंच दादूनं टाळ्या वाजवल्या. आणि बायकांच्या घोळक्यातून मैनाबाई उठली.

"साहेब, आमाला रेडिओ नको. आमाला बावटा पायजे."

साहेबांचं हसू होतं तिथंच थांबलं. आता तुम्हाला सांगायला पाहिजे, आमच्या किनाऱ्यावर बावटा म्हणजे वादळाची खूण. पण इथून दोन डोंगर ओलांडले की बावट्याचा अर्थ बदलतो. तिकडे बावटा म्हणजे लाल बावटा, मोर्चे, घोषणा. आणि त्या निवडणुकीत साहेब त्या लाल बावट्याच्या हातून कसेबसे वाचले होते.

"कुठला बावटा?" साहेबांनी माईक बाजूला करून विचारलं.

"कुठला म्हंजे? आमचा."

"कोण लावणार?"

"तुमी लावा. तुमी नाय लावला तर आमी बायकाच लावू."

"कशासाठी?"

"धोका हाय ते कळाया."

"कुणाला धोका आहे?"

"जो बाहेर असेल त्याला," मैनाबाई म्हणाली. खरं तेवढंच बोलून बसली असती तर बरं होतं. पण तिनं वर अजून सांगितलं, "आणि लाल असला तर बरा. लांबून दिसतो."

साहेब चहा न घेता गेले. मैनाबाई मला म्हणाली, "बघितलंस? बावट्याचं नाव काढलं न् पळाला. कायतरी लपवतात." तिकडे गाडीत साहेब पीएला काय म्हणाले असतील ते मी इथं बसून सांगू शकते. अगदी हेच म्हणाले असणार.

रेडिओ दादूनं कपाटात ठेवला आणि किल्ली जानव्याला बांधावी तशी करगोट्याला बांधली. सरकारी वस्तू, खराब झाली तर कोण भरणार.

थोड्या दिवसांनी पाड्यात एक बोंबलाचा व्यापारी आला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, आणि पायात असले बूट की वाळूत त्याचा प्रत्येक पाय वेगळा रुतायचा. सुकत घातलेल्या बोंबलांशेजारी रोज पेपर उघडून बसायचा. पान उलटायचा नाही. बोंबील हातात घ्यायचा तो शेपटीकडून, चिमटीत, मेलेला उंदीर धरावा तसा.

मी विचारलं, "कुठले तुम्ही?"

"सफाळ्याचा."

मी पदर खोचला. "अगंबाई, माझं माहेरच ते. कुठं राहता?"

"स्टेशनजवळ."

"स्टेशनच्या ह्या अंगाला की त्या अंगाला?"

त्यानं थोडा विचार केला. "मधे."

"मधे रूळ आहेत," मी म्हटलं.

तेव्हापासून त्याचं नाव रूळवाला. तो मला टाळून मैनाबाईकडे गेला, म्हणजे विहिरीतून निघून समुद्रात पडला. "काय बाई, इथं सभा होतात म्हणे?"

"होतात ना. रोज. मासळी उतरली का."

"बोलतं कोण?"

"ज्याचा आवाज मोठा तो."

"बाहेरून कोण येतं सभेला?"

"वसईवाले येतात, बर्फवाला येतो. आता तुमी येता."

रूळवाला उठून गेला. मैनाबाईनं मला भिंतीतून हाक मारली. तिचं म्हणणं, हा पोलिसाचा माणूस नाही, हा रेडिओचा माणूस आहे. सरकारनं रेडिओ दिलाय तो आपल्याला ऐकवायला नाही, आपलं ऐकायला. आणि दादूनं तो कपाटात कोंडला म्हणून ऐकू येईना, म्हणून आता माणूस पाठवलाय. मी एवढी हसले की मला ठसका लागला. पण खरं सांगू, त्या दिवसांत अशा बोलण्यावर पूर्ण हसताही यायचं नाही. रात्री मीही माझ्या ट्रान्झिस्टरवर टॉवेल टाकून झोपले.

मग थंडीत नागपूरला अधिवेशन भरलं. समुद्राचा प्रश्न नागपूरला विचारला. तिथून समुद्र किती लांब ते नकाशात बघा. दादू पालघरहून छापलेला कागद घेऊन आला आणि देवळापुढं उभं राहून वाचला. म्हणाला, "आपल्या गावाचा तारांकित प्रश्न झाला."

"तारापूरचा, म्हणून तारांकित?" मैनाबाईनं विचारलं.

"तसं नाय. ज्याच्यावर चांदणी असते तो."

"चांदणी कशाला?"

दादूलाही माहीत नव्हतं. त्यानं खाकरून पुढं वाचलं. "मौजे अमुक येथील महिलांनी किनाऱ्यावर लाल बावटा लावण्याची मागणी केली, हे खरे आहे काय. असल्यास, त्यामागे कोणत्या शक्ती आहेत."

"अणुशक्तीचा काय संबंध यात?" कुणीतरी म्हणालं.

"गप रे. उत्तर ऐका. हे अंशतः खरे आहे. शासन चौकशी करीत आहे."

मैनाबाई पुढं सरकली. "अंशतः म्हंजे कितपत?"

दादू हुशार सरपंच. त्यानं कागदाची घडी केली. "म्हंजे खरं हाय, पण आपण बोललो असं व्हायला नको."

हा शब्द पाड्याला फार आवडला. त्या महिन्यात जो तो अंशतः बोलायला लागला. मासळी ताजी आहे का, अंशतः. मुलगा शाळेत गेला का, अंशतः. मी नवऱ्याला विचारलं, दारू प्यायलात का, तर तो दाराला धरून म्हणाला, अंशतः.

चौकशी म्हणजे काय, तर शिमग्यानंतर मुंबईहून आमदारांची एक समिती आली. दोन गाड्या भरून. आमच्या बोंबील वाळवायच्या जागेत मांडव घातला, आणि सगळे मान्यवर नाकाला रुमाल लावून ओळीनं बसले. एक आमदार विदर्भाकडचे होते, ते समुद्राकडे असे बघत होते की ह्यावर कुणी मालकी सांगितली नाही कशी. रूळवालाही मागं उभा होता. ह्या वेळी बूट काढून आला होता, तेवढं शिकला म्हणायचा.

वामनभावजी लांब होडीला टेकून जाळं शिवत बसले होते. मांडवात काय चाललंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांची खात्री झाली होती की ही सगळी माणसं त्यांच्या होडीबद्दल आली आहेत. दर दोन टाके घातले की मान वर करून बघायचे.

अध्यक्ष वयस्कर होते, बोलायला मऊ. त्यांनी विचारलं, "बाई, सरकारनं तुम्हाला रेडिओ दिला. त्यावर वादळाची बातमी येते. मग बावट्याचा आग्रह का?"

"रेडिओ खोटं बोलतो."

"कधी बोलला?"

"कपाटात हाय. तिथं काय बोलतो कोणाला ठावं?"

सगळ्यांनी दादूकडे बघितलं. दादूनं करगोट्यावर हात ठेवला.

एक तरुण आमदार पुढं झुकले. "अध्यक्षमहाराज, आपण भोंगा बसवू. विजेचा. चार गावांना ऐकू जाईल."

"नको," मैनाबाई म्हणाली.

"बरं, मग टेलिव्हिजन देऊ. चित्रासह हवामान दिसेल."

"नको."

"लाऊडस्पीकर?"

"ऐकायचं कायपण नको," ती म्हणाली. आवाज जरा चढला, आणि मी बघितलं, तिची नजर होडीकडे गेली आणि चटकन परत आली. मी तोंड उघडलं. तिनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी ते तोंड जांभईत घालवलं. "वारा सुटला का आवाज खाऊन टाकतो. बघायचं पायजे. डोळ्यांना दिसल असं."

अध्यक्षांनी तिच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग होडीकडे बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. म्हणाले, "म्हणजे मोठ्या बंदरात वादळाचा बावटा असतो, तो?"

"तोच की. दुसरा कुठला असतो?"

आमचे आमदारसाहेब एकदम खुर्चीत सैल झाले. रूळवाल्यानं वहीत लिहिलेलं खोडलं. मांडवात हशा पिकला, आणि मला वाटलं झालं, सुटला प्रश्न. पण ते आमदार होते. साध्या गोष्टीला ते असे हसत हसत मान्यता देतील होय?

"बावटा द्यायला हरकत नाही," आमचे साहेब म्हणाले. "पण लाल नको. चुकीचा संदेश जाईल."

"भगवा द्या मग," एकजण म्हणाले.

"का? भगवाच का?" पलीकडचे लगेच सरसावले. "हिरवा का नको?"

"मग निळ्यानं काय घोडं मारलंय?"

"पांढरा द्या, कुणाचा नाही."

"पांढरा म्हणजे शरण गेल्यासारखं. सरकार वादळाला शरण जातंय असं दिसेल."

"काळा लांबून चांगला दिसतो," विदर्भाकडचे म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. "काळे झेंडे आपल्याला दाखवतात, साहेब. आपणच उभारायचे?"

मी तुम्हाला सांगते, त्या दिवशी मला कळलं की जगातले सगळे रंग आधीच कुणी ना कुणी घेऊन ठेवलेत. ऊन चढलं. बोंबील सुकले. चहाचे कप दोनदा फिरले. मैनाबाईची बोईसरच्या बाजाराची वेळ टळून चालली होती. ती उठली, डोक्यावर ठेवायची चुंबळ झटकली, आणि शेजारी पालथी पडलेली टोपली उचलून त्यांच्यासमोर धरली.

"मग ही टांगा. हिला रंग नाय."

अध्यक्षांनी चष्मा वर केला. सचिवांच्या कानाशी लागून विचारलं, पण आम्हाला ऐकू आलं. "टोपली कुणाची निशाणी आहे का?"

"गेल्या खेपेला एक अपक्ष उभा होता टोपलीवर," तरुण आमदार म्हणाले.

"निवडून आला?"

"पडला."

"मग हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले, आणि सचिवांनी लिहून घेतलं. बावटा हा शब्दच त्यांनी काढून टाकला. लिहिलं, दृश्य सूचना साधन. मैनाबाईला ते दादूनं समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "नाव बदललं म्हंजे देणार नाय."

तिचं अंशतः खरं झालं. चैत्रात खांब आला, लोखंडी, कप्पी आणि दोरीसकट, आणि किनाऱ्यावर पुरला. टोपली आली नाही. सरकारी टोपली पत्र्याची होणार होती, तिचा नमुना मंजूर व्हायचा होता. तोपर्यंत दादूनं दवंडी पिटवली. वादळाचं कळलं की खांबावर टोपली चढेल, दिसली की सगळ्यांनी परत फिरायचं.

आता बघा गंमत. ही सगळी उठाठेव ज्या माणसासाठी केली, त्याला सोडून सगळ्यांना दवंडी ऐकू आली.

मी विचारलं, "मैनाबाय, भावजींना सांगितलंस ना?"

"सांगितलं जेवताना. मान हलवली की त्यानं."

मान तर भावजी सगळ्यालाच हलवायचे. पाऊस येतोय म्हटलं तरी, मीठ कमी पडलं म्हटलं तरी. मी तेवढं बोलले आणि तिचा चेहरा उतरला. पण परत ओरडून सांगायचं म्हणजे भिंतीपलीकडे मला, आणि माझ्यापुढं सगळ्या पाड्याला ऐकू जाणार. तिनं ते तसंच सोडलं.

वैशाख सरत आला होता. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढायला थोडेच दिवस राहिले होते. त्या सकाळी आभाळ कसं, धुतलेल्या परातीसारखं. समुद्र सपाट. मोठ्या बोटी बाहेर, भावजी खडकापलीकडे एकटे. मी भांडी घासत ट्रान्झिस्टर लावला होता आणि त्यात बाई सांगायला लागली, उत्तर कोकण किनाऱ्यावर जोराचे वारे, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

मैनाबाई टोपली डोक्यावर घेऊन निघालीच होती. दारात थांबली. "काय बोलली ती?"

मी सांगितलं.

तिनं आभाळाकडे बघितलं. एक ढग नाही. "खरं बोलतंय काय ते?"

"मी काय त्याची आई आहे? मला काय माहीत."

"तुना काय वाटतं?"

तेव्हा मला जाणवलं की ही मला चेष्टेनं विचारत नाही. जन्मभर जिनं कुणाचं नुसत्या तोंडचं ऐकलं नाही, तिला आता बोट लावून बघायला काहीच नव्हतं. टोपली चढवली आणि वारा आला नाही, तर पाडा वर्षभर हसणार, आणि भावजी परत कधी किनाऱ्याकडे बघायचेच नाहीत. नाही चढवली आणि वारा आला, तर ते बोलायलाच नको. बोईसरची एस.टी. वळणावर भोंगा वाजवत होती.

तिनं टोपली उतरवली. आतली मासळी माझ्या अंगणात पालथी केली, सगळी, माझ्या घासलेल्या भांड्यांवर. आणि खांबाकडे चालायला लागली.

दोरीला टोपली बांधताना तिची गाठ दोनदा सुटली, म्हणून शेवटी गाठ मी मारली. तिनं माझा हात टोपलीला लागू दिला, ह्यावरून समजा. टोपली कप्पीपर्यंत गेली. ते निळं शेपूट जरा हललं आणि लोंबत राहिलं. आम्ही दोघी खाली उभ्या. लांब भावजींची होडी, काडीएवढी. हलेना.

"बघत नाय गो तो," मैनाबाई म्हणाली.

"बघतील."

"बघून पाठ करल."

मग होडीचं टोक वळलं. आधी मला वाटलं लाटेनं वळलं असेल. पण भावजी उठून उभे राहिले होते, आणि मग असे वल्हवायला लागले की त्या वयात कुणी तसं वल्हवत नाही. होडी वाळूला लागायच्या आत पाण्यात उडी टाकून चालत आले. तोंड पांढरं.

मैनाबाई पुढं झाली. "अवो, वादळ हाय."

त्यांनी ऐकलं नाही. ते तिच्याकडे बघतच राहिले. मग वर टोपलीकडे. मग परत तिच्याकडे. त्यांनी हात पुढं केला आणि तिच्या दंडाला एक बोट लावून बघितलं, जशी ही बर्फाला लावायची तसंच. ऊब आहे का बघितली.

"मना वाटला," ते म्हणाले, आणि बहिऱ्या माणसाचा आवाज तो, सगळ्या किनाऱ्याला ऐकू गेला, "मना वाटला तू नायस. तुझी टोपली कोणा दुसऱ्याच्या हाती लागली, म्हंजे तू कुठं?"

मैनाबाईनं तोंडाला पदर लावला. हसतेय की रडतेय, मी बघायला वाकले तर तिनं मला ढकललं.

वारा आला तो दुपारी आला. आधी खांबाची दोरी वाजायला लागली, मग माझी कौलं उडाली. मोठ्या बोटी तोवर परत येऊन लागल्या होत्या. टोपलीचं काय झालं म्हणाल तर निळं शेपूट तेवढं सुटलं, टोपली राहिली. गाठ माझी होती.

पावसाळ्यात रूळवाला परत आला. ह्या वेळी चपला घालून, आणि सरळ सांगून की सरकारकडून आलोय. त्याला विचारायला पाठवलं होतं की दृश्य सूचना साधनाचा उपयोग झाला का. नागपूरला उत्तर द्यायचं होतं.

मैनाबाई बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अंशतः."

"म्हणजे कसा?"

"वादळ हाय ते कळला नाय. पण माणूस आला."

त्यानं ते तसंच लिहून घेतलं. पुढं काय छापलं देव जाणे. सरकारी पत्र्याची टोपली बऱ्याच वर्षांनी आली, तीही गंजून. तोवर मैनाबाईचीच टोपली चढत होती, आणि भावजी टोपली दिसली की येत होते. हळूहळू बाईला चटक लागली. घरी पाहुणे आले, चढवा टोपली. कालवण निवतंय, चढवा टोपली. शेवटी शेवटी भावजी होडीतून उतरले की आधी आभाळाकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि मोठ्यानं विचारायचे, "नलू, खरा वादळ हाय का घरी कोण आलाय?"

मी मान हलवायचे. कुठल्याला हलवली, ते त्यांना कधी कळलं नाही.